ट्रोलिंगचा रॉड-रील सेट: माल चांगला, पण बॉक्सवरचा शब्द आधी बदला

हा सेट घेऊन आता सात-आठ महिने झाले, पंधरा-सोळा वेळा तरी बोटीवर नेऊन झालाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. सरळ सांगते, रॉड चांगला आहे, रील तर फारच चांगली आहे, आणि तरीही मी पाचपैकी तीनच स्टार देतेय कारण बॉक्सवर, माहितीपत्रकात आणि ऑनलाईन लिस्टिंगमधे तिन्हीकडे मुख्य शब्दच चुकीचा छापलाय. ट्रोलिंगच्या जागी ट्रॉलिंग, म्हणजे बोटीमागे गळ ओढण्याच्या जागी जाळं ओढणं. म्हणजे टी-आर-ओ-डबल एल पाहिजे तिथे टी-आर-ए-डब्ल्यू-एल. एका शब्दासाठी दोन स्टार कापले का असं कुणी विचारेल, तर हो कापले, आणि का ते शेवटपर्यंत वाचा, कारण त्या शब्दापायी माझा एक लुअर, म्हणजे गळाचं नकली आमिष, समुद्राच्या तळाला राहिलाय आणि दुसऱ्या कुणाचं याहून बरंच जास्त नुकसान होऊ शकतं.

आधी रीलबद्दल, कारण पैसे तिथेच वसूल होतात. लिव्हर ड्रॅग आहे, म्हणजे बाजूला एक दांडी असते ती पुढे सरकवली की ब्रेक घट्ट, मागे घेतली की सैल, आणि मधे स्ट्राईकच्या, म्हणजे मासा लागतानाच्या, खुणेवर एक छोटं बटण आडवं येतं, ते दाबल्याशिवाय दांडी पुढे जातच नाही. मोठा मासा लागतो तेव्हा हात थरथरत असतात, काय करतोय ते सुचत नसतं, त्या वेळी ते बटण किती कामाचं आहे हे एकदा अनुभवलं की कळतं. सेटिंग मात्र घरीच करून ठेवा, बोटीवर नको. स्प्रिंगचा वजनकाटा लाईनच्या टोकाला बांधा, रॉड नेहमीसारखा तिरका धरा, कुणाला तरी काटा ओढायला सांगा आणि लाईन जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या साधारण एक तृतीयांशावर ड्रॅग सुटायला लागेल असं ठेवा. पंधरा किलोची लाईन असेल तर पाच किलो. आणि परत आल्यावर रील गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवून पुसून, दांडी पूर्ण मागे घेऊनच ठेवायची, नाहीतर आतल्या चकत्या दाबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो. हे मी पहिल्या दिवसापासून पाळतेय आणि रील अजून लोण्यासारखी चालते.

क्लिकरचा आवाज मोठा आहे, मला आवडला. रॉड होल्डरमधे खोचलेला असतो, आपण दुसरीकडे बघत असतो आणि अचानक कर्रर्र करून लाईन पळायला लागते, तो आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू येतो.

रॉड आखूड आणि जाड आहे, ट्रोलिंगचा असतोच तसा, कारण याने लांब फेकायचं नसतं, बोटीमागे ओढायचं असतं. टोकाला रोलर आहे, बुडाला खाच आहे ती कमरेच्या पट्ट्याच्या कपात किंवा होल्डरमधे बसते म्हणजे रॉड हातात फिरत नाही. रील बसवायचा नट सुरुवातीला दोनदा सैल झाला, मग पक्का आवळला तेव्हापासून ठीक. सोबत दोन लुअर होते, एक पुढे प्लास्टिकची जीभ असलेला, पाण्यात बुडी मारणारा, आणि एक झालरवाला, वरच्या वर पोहणारा. दोन्ही चांगल्या प्रतीचे. होते म्हणतेय कारण जिभेवाला आता नाहीये.

तर आता तो शब्द.

बॉक्स घरी आला त्या दिवशी माझी मैत्रीण आणि तिचे वडील आले होते. काका आयुष्यभर ट्रॉलरवर, म्हणजे जाळं ओढणाऱ्या बोटीवर होते, आता गुडघ्यांमुळे जात नाहीत. त्यांनी बॉक्स हातात घेतला, चष्मा वर करून नाव वाचलं, उघडला, रॉड बाजूला ठेवला, कागद बाजूला ठेवले, बॉक्स उलटा करून बघितला आणि मला विचारलं, "अगं, मग यात जाळं कुठंय?" मी म्हटलं काका, हे गळाचं आहे, जाळ्याचं नाही. तर ते म्हणाले, "मग यावर ट्रॉलिंग कशाला लिहिलंय? ट्रॉलिंग म्हणजे जाळं. बाकी काही नाही." आणि मग तिथेच बसून त्यांनी मला माझ्या रॉडच्या दोरीने आणि दोन वह्यांनी ट्रॉल कसा उघडा राहतो ते दाखवलं. दोन वह्या म्हणजे दोन फळ्या, त्यांना ऑटर बोर्ड म्हणतात, त्या तिरक्या बांधलेल्या असतात म्हणून बोट पुढे गेली की पाण्याच्या दाबाने एक डावीकडे ढकलली जाते, एक उजवीकडे, आणि जाळ्याचं तोंड आडवं फाकतं. वरच्या दोरीला तरंगते गोळे, खालच्या दोरीला वजन किंवा रोलर, म्हणून ते उभंही उघडं राहतं. मागे जाळं निमुळतं होत जातं आणि शेवटी पिशवी, तिला कॉड एंड म्हणतात. मला आधी वाटायचं कॉड मासा त्यात जमतो म्हणून कॉड एंड, पण नाही, जुन्या इंग्रजीत कॉड म्हणजे पिशवीच, माशाशी संबंध नाही. असं काही तास ओढत राहायचं आणि मग पिशवी वर घ्यायची, त्यात काय काय आलंय ते तेव्हाच कळतं.

आणि ट्रोलिंग म्हणजे काय, तर बोट हळू चालू ठेवायची आणि मागे एक, दोन, चार लाईनी सोडायच्या, प्रत्येकीच्या टोकाला लुअर नाहीतर आमिष. मासा स्वतः येतो, बघतो, पाठलाग करतो, चावतो. नाही चावला तर नाही. एका वेळी एका गळावर एक मासा. नको असलेला आला तर बहुतेक वेळा जिवंत सोडता येतो. जाळ्यात ती निवड नसते, समोर जे येईल ते आत.

दोन्हीत बोटीमागे काहीतरी ओढतात, एवढंच सारखं. त्यामुळेच गोंधळ होतो हे मला मान्य आहे, उच्चारही जवळचे आहेत, आणि आपल्या लिपीत तर फरक फक्त डोक्यावरच्या खुणेचा आहे, एक मात्रा आणि एक चंद्र, मोबाईलवर घाईत टाईप करताना कुठली लागली ते बघतंय कोण. पण शब्द मुळातच वेगळे आहेत. ट्रॉल बहुधा डच भाषेतून आलाय, ओढायचं जाळं या अर्थाच्या शब्दावरून. ट्रोलचं मूळ फिरणं, भटकणं, शिकारीच्या शोधात हिंडणं या बाजूला जातं, जुन्या फ्रेंचमधे शिकारीचा तसा शब्द होता, आणि इंग्रजीत मासेमारीसाठी तो सतराव्या शतकात चांगलाच रुळलेला होता. म्हणजे एक शब्द ओढण्याचा आणि एक हिंडण्याचा. बोटीत बसून बघितलं तर हे अगदी पटतं, ट्रोलिंग करताना आपण खरंच हिंडत असतो, पक्षी कुठे झेपावतायत, पाण्याचा रंग कुठे बदलतोय, ते बघत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ट्रॉल हा शब्द खूप गळ लावलेल्या लांब दोरीसाठीही वापरतात, म्हणजे ट्रॉल म्हटलं की दरवेळी जाळंच असं शंभर टक्के नाही. पण तिथेही ती दोरी पाण्यात मांडून ठेवायची असते, रॉड-रीलने बोटीमागे ओढायची नसते. त्यामुळे या बॉक्सवर तो शब्द कुठल्याच हिशोबाने बसत नाही.

आता नुकसान कसं झालं ते. माहितीपत्रकात वापरायची पद्धत म्हणून जे छापलंय ते कुणीतरी ट्रॉलिंग शब्द शोधून, जिथे सापडलं तिथून उचललेलं आहे हे मला नंतर कळलं. त्यात लिहिलंय की तीन ते चार नॉट (एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर) वेग ठेवा आणि तळाशी टेकेपर्यंत सोडून मग ओढा. तीन-चार नॉट हा वेग तळाचं जाळं ओढायला बरोबर आहे. माझ्या हातात तर बुडी मारणारा लुअर होता. मी पहिल्याच खेपेला कागदावर विश्वास ठेवला, लाईन सोडत गेले सोडत गेले, रॉडचं टोक आधी छान थरथरत होतं, मग ठक ठक असं काहीतरी लागायला लागलं, मला वाटलं मासा टोचतोय, आणि मग रॉड एकदम वाकला आणि लाईन सरळ एका रेषेत ताणली गेली, तिच्यात जीवच नाही. मासा असेल तर लाईन हलते, डोकं हलवल्याचे धक्के येतात. हा खडक होता. बोट मागे घेतली, दुसऱ्या बाजूने ओढून बघितलं, सगळं केलं, शेवटी लाईन तुटली आणि लुअर गेला. तळाला तुटकी लाईन सोडून यावं लागलं याचं मला लुअरपेक्षा जास्त वाईट वाटलं.

खरी पद्धत अशी की लुअर तळाच्या वर राहिला पाहिजे. जिभेवाला लुअर किती खोल जाईल हे किती लाईन सोडली, ती किती जाड आहे आणि जीभ केवढी आहे यावर ठरतं, बारीक लाईनवर तोच लुअर जास्त खोल जातो कारण पाण्याचा अडथळा कमी होतो. वेग माशावर ठरतो, गोड्या पाण्यातल्या ट्राऊटसाठी दीड-दोन नॉटही पुरतो, ट्यूनासारख्यांसाठी झालरवाले लुअर सहा ते नऊ नॉटने ओढतात, आणि वाहू नावाच्या माशासाठी काहीजण याच्याही दुप्पट वेगाने जातात. म्हणजे कागदावरचे तीन-चार नॉट धड इकडचेही नाहीत धड तिकडचेही. वेगाचा आकडा नसेल माहीत तर रॉडच्या टोकाकडे बघत राहायचं. लुअर नीट पोहत असेल तर टोक बारीक बारीक एकसारखं थरथरत राहतं. थरथर थांबली की समजायचं शेवाळ अडकलं, वर घ्यायचं, साफ करायचं, परत सोडायचं. आणि सरळ रेषेत जायचं नाही, नागमोडी जायचं, कारण वळताना बाहेरच्या बाजूची लाईन जोरात ओढली जाते आणि आतल्या बाजूची सैल पडून तिचा लुअर संथ होतो, मग मासा कुठल्या लाईनीला लागला त्यावरून त्या दिवशी त्याला वेग हवाय की संथपणा ते आपोआप कळतं. हे सगळं एका पानात मावलं असतं. त्याऐवजी त्यांनी जाळ्याची माहिती छापली.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो शेवटच्या ओळीचा. त्यात लिहिलंय रात्री ट्रॉलिंग करताना ट्रॉलिंगचे दिवे लावा. हे वाचून कुणी खरंच लावले तर? समुद्रावर बोटींची टक्कर होऊ नये म्हणून १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, ते १९७७ पासून लागू झाले, आणि त्यातल्या तिसऱ्या नियमात मासेमारीत गुंतलेलं जहाज म्हणजे काय याची व्याख्या आहे. जाळी, लाईनी, ट्रॉल किंवा अशी साधनं ज्यांच्यामुळे बोटीला हवं तसं वळता येत नाही, ती धरली आहेत, आणि ट्रोलिंगच्या लाईनी ओढणारी बोट स्पष्ट शब्दांत वगळली आहे. एकाच वाक्यात हे दोन्ही शब्द आलेत, एक आत आणि एक बाहेर! कारण उघड आहे, ज्याच्या मागे शेकडो मीटर तारेवर जाळं आहे तो पटकन वळू शकत नाही, ज्याच्या मागे दोन लुअर आहेत तो वळू शकतो. म्हणून ट्रॉलर रात्री एकावर एक दोन दिवे दाखवतो, वर हिरवा खाली पांढरा, आणि इंजिनवाली इतर बोट ते बघून त्याला वाट देते. ट्रोलिंगवाल्याने साध्या बोटीचे दिवे लावायचे आणि साध्या बोटीसारखीच वाट द्यायची. आता विचार करा, माझ्यासारखी कुणी नवीन आहे, कागद वाचून हिरवा-पांढरा दिवा लावून बसलीये आणि समोरून येणाऱ्याने आपल्यालाच वाट द्यावी अशी अपेक्षा करतेय, समोरचा समजतोय की हिच्या मागे मोठं जाळं आहे म्हणून तो भलतीकडे लांब वळसा घालतोय. किंवा उलटं, ट्रॉलर समोर आहे आणि आपण समजतोय तोही आपल्यासारखाच, त्याच्या मागून अगदी जवळून जाऊया. काकांना ही ओळ वाचून दाखवली तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे छापणारा कधी रात्री पाण्यावर गेलेला नाही."

कंपनीला मी लिहिलं, तीनदा. पहिलं उत्तर आलं की मॅडम दोन्ही शब्द एकच आहेत, स्पेलिंगचा फरक आहे. दुसऱ्यांदा मी वरचं सगळं मुद्देसूद लिहून पाठवलं तर लुअर बदलून देऊ म्हणाले. लुअर नकोय हो, शब्द बदला आणि तो कागद मागे घ्या. तिसऱ्याचं उत्तर अजून नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण नंतर बघितलं तर हीच चूक कितीतरी ठिकाणी सापडली. छोट्या बोटीच्या नाकाला लावतात ती आवाज न करणारी इलेक्ट्रिक मोटर, तिचं नाव ट्रोलिंग मोटर, तीही ट्रॉलिंग मोटर म्हणून विकतात. तिच्याने जाळं ओढायला गेलं तर बोट जागची हलणार नाही.

या गोंधळाचा त्रास शोधतानाही होतो. मला जादा लाईन हवी होती, बॉक्सवरचा शब्द टाकून शोधलं तर जाळी, लोखंडी साखळ्या, जाडजूड दोर. बरोबर शब्द टाकला तर निम्मं पान सोशल मीडियावर लोकांना कसं छळतात त्याचं. पण गंमत म्हणजे तो इंटरनेटवाला अर्थही याच गळाच्या ट्रोलिंगवरून आला असं साधारण मानतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवर, जुनी मंडळी नवख्यांसाठी मुद्दाम एखादा प्रश्न टाकायची आणि कोण चावतंय बघायची, म्हणजे आमिष सोडून वाट बघणं. गुहेत राहणारा राक्षस ट्रोल हा नॉर्स कथांमधला वेगळाच शब्द, तो नंतर यात मिसळला. आणि ट्रॉलचा लाक्षणिक अर्थ बरोबर उलटा, इंग्रजीत ढीगभर कागद उपसून काहीतरी शोधून काढलं की ट्रॉल केलं म्हणतात, सरसकट जाळं फिरवलं म्हणून. आपण मराठीत हा फरक कधी चुकवतो का? गळाला लागला म्हणजे आमिषाला भुलून स्वतः आला, जाळ्यात सापडला म्हणजे त्याला टाकलेल्या वेढ्यात अडकला. कुणीही न शिकवता आपल्याला हे दोन वेगळे ऐकू येतात. मग इंग्रजी शब्द घेतोय तर तोही नीट घ्यायला काय हरकत आहे?

आणि हे फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांपुरतं नाही. ट्यूनाच्या डब्यावर मासा कसा पकडला ते लिहिलेलं असतं, अल्बाकोर जातीच्या ट्यूनावर बऱ्याचदा ट्रोल किंवा पोलने (काठीच्या गळाने) पकडलेला असं असतं, लोक ते वाचून डबा निवडतात. तिथे शब्द बदलला तर सांगितलेली गोष्टच खोटी होते. मासेमारीच्या आंतरराष्ट्रीय नोंदींमधे ट्रोलिंग लाईनचा कोड एलटीएल आहे आणि तळाच्या ऑटर ट्रॉलचा ओटीबी, दोन वेगळ्या गटांत, एक गळ-दोरीच्या आणि एक ट्रॉल जाळ्यांच्या. तळाच्या ओढजाळ्याबद्दल तर भांडण फार जुनं आहे, १३७६ मधे इंग्लंडच्या संसदेत राजाकडे तक्रार गेली होती की लाकडी दांडा लावलेलं असलं बारीक छिद्रांचं जाळं तळ खरवडून काढतंय आणि इतके बारीक मासे ओढून आणतंय की ते डुकरांना घालतात. इतकी शतकं ज्यावर वाद चाललाय त्याचं नाव एका हौशी रॉडच्या बॉक्सवर बसवायचं! काकांचा धंदा तोच होता, ते त्याबद्दल काही लपवत नाहीत, चांगलं वाईट दोन्ही सांगतात, पण माझ्या रॉडला कुणी ट्रॉलिंग म्हटलं की तेच आधी दुरुस्त करतात.

घेणाऱ्यांनी काय बघायचं, तर लिस्टिंगमधल्या नावाकडे जाऊ नका, फोटो बघा. रॉड आखूड आणि मजबूत, रील आडव्या ड्रमची, लिव्हर ड्रॅग किंवा स्टार ड्रॅग, क्लिकर आहे का, किती लाईन मावते, हे बघा. लाईन आणि लुअरच्या मधे चांगल्या प्रतीचा स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, स्वतः घेऊन लावा, यात दिलेला नाहीये, आणि झालरवाला फिरत राहतो त्यामुळे लाईनला पीळ पडतो. कागद मात्र पहिल्याच दिवशी बाजूला टाका, विशेषतः दिव्यांची ओळ.

मी माझ्या बॉक्सवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने बरोबर शब्द लिहिलाय. परवा झालरवाल्यावर सात नॉटला दोन ट्यूना मिळाले, रीलने जराही कुरकुर केली नाही. लिस्टिंगमधला शब्द बदलला आणि नवीन कागद आला की राहिलेले दोन स्टार मी त्याच दिवशी देईन.